देवापुढे गाण्याचा अधिकार कोणाचा?

मार्गशीर्षातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी घरी गुरुवारची पूजा, म्हणून सौभाग्यवतींनी दिलेली यादी घेऊन मी रायपूरच्या गोल बाजारात गेलो होतो. गोल बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की बारशापासून बाराव्यापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू तिथल्या अरुंद गल्ल्यांत मिळते. हळदकुंकू, नारळ, कापूर, वाती घेऊन मी पैसे देत होतो. तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ मंजिऱ्यांच्या जोड्या एकेक करून वाजवून पाहताना दिसले. एक जोडी वाजवायची, नाद विरेपर्यंत कानाजवळ धरायची, मग दुसरी उचलायची. दुकानदाराने सहज विचारले, “बाबूजी, किस मंदिर के लिए ले रहे हैं?”

ते हसले. “मंदिर नहीं भाई, गिरजाघर के लिए. बड़े दिन के भजन हैं.”

मी म्हणालो, “आप गाते होंगे.”

“गाता हूँ, पर बेसुरा हूँ. इसीलिए तो सबने हाथ में मंजीरा पकड़ा दिया है,” असे म्हणून ते आणखी मोकळेपणाने हसले. “पर गाना नहीं छोड़ा. हमारी किताब में लिखा है, आनंद से गाओ. अच्छा गाओ, यह शर्त तो मुझे कहीं मिली नहीं.”

मंजिऱ्याची जोडी घेऊन ते गर्दीत निघून गेले. त्यांचे नाव मी विचारले नाही. पण त्यांचे वाक्य माझ्याबरोबर घरी आले, कारण त्याने एका जुन्या जखमेवर बोट ठेवले होते.

एक जुनी गोष्ट

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले आणि आमचे घर रायपूरचेच झाले. तिन्हीसांजेला दिवा लागला की वडील हरिपाठ म्हणत. त्यांचा आवाज काही गवयाचा नव्हता, पण त्या आवाजाने घरात संध्याकाळ होत असे. मीही त्यांच्या मांडीला मांडी लावून म्हणायचो. मी दहा वर्षांचा असताना शाळेच्या कार्यक्रमासाठी समूहगीत बसवले जात होते. शिक्षकांनी मला ओळीतून बाजूला घेतले आणि सांगितले, “तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. सगळ्यांचे बिघडते.” त्यांच्या मनात वाईट काही नसेल. कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्यांची इच्छा असेल. पण त्या दिवसापासून मी गाणे सोडले. आरतीला टाळ्या वाजवायच्या आणि ओठ हलवायचे. पुढची चाळीस वर्षे हेच चालले.

वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची वाचा गेली होती. एका संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून हाताने खूण केली : म्हण. मला हरिपाठ तोंडपाठ होता. पण तोंड उघडेना. मी खिशातून मोबाईल काढला आणि एका थोर गायकाच्या आवाजातला हरिपाठ लावला. स्वर निर्दोष होता, साथसंगत उत्तम होती. पण वडिलांची नजर मोबाईलवर नव्हती. ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे लागलेली होती.

त्यांना चांगले गाणे हवे नव्हते. त्यांना माझा आवाज हवा होता. हे मला समजले तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून त्या अनोळखी ख्रिस्ती गृहस्थांचे वाक्य मला साधे विनोदाचे वाटले नाही. देवापुढे गाण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याचा गळा चांगला त्याला, की ज्याच्या मनात गावेसे वाटते त्याला? प्रश्न लहान वाटतो. पण त्याच्या उत्तरावर उपासना म्हणजे काय, हेच ठरते. या विषयावर ख्रिस्ती परंपरेने पुष्कळ विचार केला आहे, आणि तो आपणा सर्वांच्या उपयोगाचा आहे.

आज्ञा आनंदाची आहे

बायबलमध्ये स्तोत्रसंहिता नावाचा ग्रंथ आहे. त्यात 150 स्तोत्रे आहेत. त्यातले शंभरावे स्तोत्र सगळ्या पृथ्वीला परमेश्वरापुढे आनंदाने घोष करायला सांगते. मूळ हिब्रू भाषेतले क्रियापद मोठ्याने घोष करणे, आरोळी देणे या अर्थाचे आहे. विजयाची वार्ता ऐकल्यावर लोक जसे एकदम ओरडतात, तसे. ही हाक निवडक गायकांना दिलेली नाही. संपूर्ण पृथ्वीला दिलेली आहे, आणि संपूर्ण पृथ्वी काही सुरात गाणारी नाही. तेव्हा ज्याने ही आज्ञा लिहिली त्याला बेसूर माणसे ठाऊक होतीच.

याचा अर्थ त्या परंपरेत कौशल्याला किंमत नाही असा नव्हे. त्याच ग्रंथात वाद्ये कुशलतेने वाजवण्याचा उपदेशही आहे आणि शेवटच्या स्तोत्रात तर वाद्यांची यादीच येते. पण त्याच शेवटच्या स्तोत्राच्या अखेरीस स्तुतीचे निमंत्रण श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. पात्रता एवढीच, की श्वास चालू असावा.

शुभवर्तमानांत येशूच्या शेवटच्या रात्रीचे वर्णन आहे. शिष्यांबरोबर भोजन झाले. काही तासांत अटक होणार हे त्याला माहीत होते. त्या वेळी सर्वांनी मिळून एक स्तोत्र गायिले आणि मग ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. त्या बारा-तेरा जणांत मासे पकडणारे कोळी होते, एक जकात गोळा करणारा होता. कोणाचा गळा कसा होता याची नोंद कोणी ठेवली नाही. ते गायले, एवढीच नोंद आहे. पुढे पौल आणि सीला यांना फिलिप्पै गावी फटके मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करून गात होते आणि इतर कैदी ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे. पाठीवर वळ उठलेला माणूस सूर काय लावणार? पण त्या कैद्यांनी त्या रात्री जे ऐकले ते कुठल्याही मैफलीत ऐकायला मिळत नाही.

गाणे लोकांकडून गेले आणि परत आले

एवढे असूनही एक काळ असा आला, की उपासनेतले गाणे सामान्य माणसाच्या हातून निसटले. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील लावदिकीया येथे धर्मसभा भरली. तिच्या एका नियमाने ठरवले, की नेमलेल्या गायकांनी व्यासपीठावर चढून, ग्रंथात पाहून गावे, इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये. शिस्त राहावी हा हेतू असावा. पण पुढे युरोपात अनेक शतके असे झाले, की गाणे मुख्यतः धर्मगुरू, मठवासी आणि शिकलेले गायकवृंद यांचे काम झाले. भाषा लॅटिन, जी शेतकऱ्याला कळत नसे. लोक उभे राहून ऐकत. त्या काळात संगीत फार उंचीवर गेले, यात शंका नाही. पण मंदिरात माणूस श्रोता झाला.

1524 मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या प्रेरणेने एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात फक्त 8 गीते होती, आणि ती लोकांच्या जर्मन भाषेत होती. ल्यूथर स्वतः संगीताचा मोठा चाहता होता. तरीही त्याचा आग्रह असा, की चांभार, सुतार, घरातली मोलकरीण, सर्वांनी तोंड उघडून गावे. त्या आठ गीतांतून पुढे सामुदायिक गायनाचा एक मोठा प्रवाह वाहू लागला.

मध्यंतरीच्या काळात एका थोर साधकाने या प्रश्नाचा अगदी आतून विचार केला होता. तो म्हणजे संत ऑगस्टीन (इ. स. 354 ते 430). आपल्या आत्मकथनात तो प्रांजळपणे कबूल करतो, की कधी कधी भजनाच्या अर्थापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच माझे मन अधिक हेलावते, आणि तसे झाले की मला अपराधी वाटते. बघा, आपण बेसूर माणसामुळे उपासना बिघडेल म्हणून घाबरतो. ऑगस्टीन सुरेल आवाजामुळे ती बिघडेल म्हणून घाबरत होता. सुंदर आवाज हा देवाकडे नेणारा रस्ता होऊ शकतो, आणि रस्त्यातच थांबवणारी धर्मशाळाही होऊ शकतो.

दुसऱ्या एका ठिकाणी ऑगस्टीनने शेतात कापणी करणाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. ते आधी शब्दांनी गातात, मग आनंद इतका दाटतो की शब्द सुटून जातात आणि नुसता आनंदाचा ध्वनी उरतो. हे वाचताना मला छत्तीसगडची शेते दिसतात. धान लावताना, कापताना बाया-माणसे ददरिया म्हणतात. एका बांधावरून ओळ येते, दुसऱ्या बांधावरून तिचे उत्तर जाते. त्या शेतात कोणी कोणाला गाण्याची परीक्षा घेऊन आत सोडत नाही. ज्याचे पाय चिखलात आहेत तो गातो.

नागपूर–राजनांदगाव गाडीतला प्रवासी

आपल्या मराठीत या विषयाचे सर्वात मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या आयुष्यातले वळण आमच्या याच लोहमार्गावर आले. 1893 च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला जात होते. गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातले येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचे मन त्यात गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या कुटुंबाने, विशेषतः लक्ष्मीबाईंनी किती मोजली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना माहीत आहेच. तो इतिहास इथे सांगण्याचा हेतू नाही. आपल्या विषयाशी संबंध आहे तो टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत काय केले याचा.

त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण त्यांचे वजन दुसऱ्या भाषेचे. चाली वाईट नव्हत्या, पण जात्यावर ओव्या ऐकत वाढलेल्या, देवळाच्या पायरीवर कीर्तन ऐकलेल्या माणसाच्या गळ्यात त्या बसत नसत. अशा वेळी माणसाला वाटते, आपल्याला गाता येत नाही. खरे तर ते गाणे त्याचे नसते. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट धरली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन हे सारे मराठी साचे उपासनेत आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. टाळ-मृदंग तिथे पोहोचला आणि त्याबरोबर गप्प बसलेले कितीतरी आवाजही मोकळे झाले.

यातून आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट शिकायला मिळते. कोणी गात नसेल तर लगेच त्याच्या गळ्याला दोष देऊ नये. आधी पाहावे, की आपण दिलेले गाणे त्याच्या बोलीतले, त्याच्या श्वासाला झेपणारे आहे का? वारीत हजारो माणसे एकाच चालीवर अभंग म्हणत चालतात. त्यात शेकडो बेसूर असतील. पण चाल साधी, ओळ परत परत येणारी, टाळाचा ठेका पक्का, म्हणून कोणी वेगळा पडत नाही. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर भजन गावोगावी नेले आणि सामुदायिक प्रार्थनेचा पाठ दिला, तोही याच जाणिवेतून. गाडगेबाबांच्या कीर्तनात तर श्रोतेच उत्तरे देत, तेच नामघोष करत. या सर्व संतांनी लोकांना बसवून ऐकवले नाही, उठवून गायला लावले.

काही शंका

इथे विचारी वाचक शंका घेतील, आणि त्या घ्याव्यातही.

पहिली शंका : देवाला उत्तम तेच द्यावे, असे आपण म्हणतो. किडके फळ नैवेद्यात ठेवत नाही. मग बेसूर गाणे का अर्पावे? शंका रास्त आहे, पण ‘उत्तम’ या शब्दाचा अर्थ पाहायला हवा. उत्तम म्हणजे बाजारातले उत्तम की माझ्याकडचे उत्तम? शुभवर्तमानात एका गरीब विधवेची कथा आहे. श्रीमंतांनी मंदिराच्या दानपेटीत भरपूर टाकले, तिने दोन लहान नाणी टाकली. येशू म्हणाला, तिने सर्वांहून अधिक दिले, कारण तिने आपल्याजवळचे सगळे दिले. आपल्याकडे सुदाम्याचे पोहे आहेतच. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांचा उल्लेख आहे, त्यांच्या किमतीचा नाही. किडके फळ देणे म्हणजे चांगले स्वतःसाठी ठेवून वाईट देवाला देणे. ज्याच्याकडे एकच आवाज आहे आणि तो ते सगळा देतो, त्याने काहीही मागे ठेवलेले नाही. मागे ठेवतो तो आवाज असून लाजेने गप्प बसणारा. मी चाळीस वर्षे तेच केले.

दुसरी शंका : शेजाऱ्याचे काय? माझ्या मोठ्या बेसूर आवाजाने त्याचे ध्यान मोडत असेल तर? ही शंका अधिक महत्त्वाची आहे. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाने 1761 मध्ये गाणाऱ्यांसाठी सात सूचना छापल्या. त्यात तो सांगतो, की सर्वांनी गावे, ते ओझे वाटले तरी उचलावे. अर्धमेल्यासारखे, झोपेत असल्यासारखे गाऊ नये, जोमाने गावे. पण लगेच पुढे सांगतो, की नम्रतेने गावे. इतरांवर आवाज चढेल असे ओरडू नये, सर्वांच्या लयीबरोबर राहावे. आणि शेवटी, प्रत्येक शब्द म्हणताना देवाकडे लक्ष असावे, स्वतःकडे नव्हे. जोम आणि नम्रता यांत त्याला विरोध दिसला नाही. आपणही पाहू नये. आनंद म्हणजे मनमानी नव्हे. समूहात गाताना तोंडाइतकाच कानही उघडा ठेवावा लागतो. जो ऐकत ऐकत गातो तो थोडा बेसूर असला तरी कोणाला टोचत नाही. उलट अत्यंत सुरेल गायक इतरांना दाबून गात असेल, तर समूह त्याच्याभोवती गप्प होत जातो.

आणि खरे सांगायचे तर आज आपल्या शहरांत भक्तीमुळे जो त्रास होतो, तो बेसूर गळ्यांमुळे होत नाही. तो भोंग्यांमुळे होतो. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर बंधने घालणारे नियम 2000 सालापासून देशात आहेत. तरी प्रत्येक धर्माच्या उत्सवात ते मोडले जातात. कारण तिथे गाणे देवासाठी उरत नाही, पलीकडच्या गल्लीवर मात करण्यासाठी होते. कच्च्या गळ्याने दहा माणसांत गायिलेली आरती कोणाची झोप मोडत नाही. यंत्राने हजारपट केलेला अहंकार मोडतो.

तिसरी शंका : मनात आनंदच नसेल तर? खोटा आनंद दाखवून गायचे का? इथे स्तोत्रसंहितेची रचनाच उत्तर देते. आनंदाच्या घोषाबरोबर त्या ग्रंथात विलापाची, तक्रारीची, ‘देवा, तू कुठे आहेस’ असे विचारणारी स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. तीही गाण्यासाठीच आहेत. याचा अर्थ, उपासनेतला आनंद म्हणजे हसरा चेहरा नव्हे. आपले ऐकणारा कोणी आहे, या विश्वासातून येणारा तो मोकळेपणा आहे. दुःखी माणूसही तो मोकळेपणा घेऊन गाऊ शकतो. फिलिप्पैच्या तुरुंगातले दोघे तसेच गायले.

काही जण म्हणतील, आम्ही मनातच म्हणतो. मौनाचे सामर्थ्य कोण नाकारेल? ज्याला वाचाच नाही त्याची प्रार्थना देवापर्यंत पोहोचतेच. पण स्वतः निवडलेले मौन आणि भीतीने आलेला मुकेपणा यांत फरक आहे. पहिल्यात माणूस देवासमोर शांत होतो. दुसऱ्यात तो लोकांसमोर लपतो. आपले मौन कोणते, हे ज्याचे त्याने तपासावे.

खरेच गाता येत नाही का?

ज्यांना आपण जन्मतः बेसूर म्हणतो, त्यातले बहुतेक तसे नसतात. स्वरांतला फरकच न कळणारी जन्मजात सूरबधिरता ही खरी अवस्था आहे, पण संशोधकांच्या अंदाजानुसार ती शंभरात फार तर चौघांत आढळते. बाकीच्यांना कान असतो, गळ्याला सवय नसते. सवय नसते, कारण लहानपणी कोणीतरी गप्प केलेले असते. 2013 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके तपासले. एकाच गीताच्या लयीत श्वास घेतल्याने त्यांच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांशी जुळू लागलेली दिसली. ती जुळते श्वासामुळे, आणि श्वास सुरेल माणसाचा आणि बेसूर माणसाचा सारखाच असतो. हे वाचले तेव्हा मला आमची तिन्हीसांज आठवली. वडील आणि मी एका दमात ओळ संपवत असू.

आपण काय करू शकतो?

बंधू-भगिनींनो, हा विचार वाचून सोडण्यासाठी नाही. काही साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत.

घरात दिवसातून एकदा तरी प्रार्थना मोठ्याने, सर्वांनी मिळून म्हणावी. त्या वेळी रेकॉर्ड लावू नये. उत्तम गायन अवश्य ऐकावे, पण प्रार्थनेच्या वेळी नाही. ऐकणे हे गाण्याला पर्याय होऊ लागले, की घर हळूहळू गप्प होते.

लहान मुलाला कधीही ‘तू गाऊ नकोस’ असे म्हणू नये. त्याचा सूर चुकत असेल तर त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात तीच ओळ म्हणावी. ते मूल ऐकून ऐकून जवळ येते. वेळ लागतो, एवढेच.

ज्यांना देवाने चांगला गळा दिला आहे, त्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे. भजन सुरू करताना पट्टी खालची घ्यावी, म्हणजे सर्वांचा आवाज पोहोचेल. चाल सरळ ठेवावी, ओळ परत म्हणायला वेळ द्यावा, ताना-आलाप मैफलीसाठी राखून ठेवावेत. पुढे बसणाऱ्याचे गाणे किती रंगले, यापेक्षा मागच्या ओळीतल्या किती जणांनी तोंड उघडले, हे पाहावे.

आणि ज्यांना वाटते की आपल्याला गाता येत नाही, त्यांनी आज एक ओळ म्हणून पाहावी. दार लावून म्हटली तरी चालेल. उद्या दार थोडे उघडे ठेवावे.

त्या बुधवारी मी गोल बाजारातून निघालो तेव्हा पिशवीत यादीबाहेरची एक वस्तू होती. मंजिऱ्याची एक लहान जोडी. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, दिवा लागला. वडिलांच्या तसबिरीसमोर बसून मी हरिपाठाची पहिली ओळ म्हटली. आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला श्वास पुरला नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला, आणि सौभाग्यवती येऊन मागे उभ्या राहिल्या. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, माझे गाणे त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि तिसऱ्या ओळीपासून म्हणू लागल्या.

वडिलांना जे द्यायचे राहिले ते आता देता येणार नाही. पण घरात आता रोज तिन्हीसांज होते. परवा नात विचारत होती, “आजोबा, मी पण म्हणू?” मी मंजिऱ्याची जोडी तिच्या हातात दिली. आणि तिला सांगितले, वाजवायचे तर वाजव, पण तोंडाने म्हणायला विसरू नकोस.